दीनानाथरावांची निजती सायकल

बायको विमल गेल्याचं दीनानाथरावांना कळलं तेव्हा ते जालन्याच्या एका दवाखान्यात छातीपासून मांड्यांपर्यंत प्लास्टरमध्ये होते. सांगायला त्यांचा धाकटा मेहुणा मुकुंद आला होता. तो खाटेच्या पायथ्याशी टोपी हातात धरून उभा राहिला आणि एका दमात म्हणाला, "भावजी, ताई गेली. कावीळ झाल्ती. दिवसबी होऊन गेले. डॉक्टर म्हणले, तुम्हाला इतक्यात सांगू नका."

दीनानाथराव छताकडे बघत होते. प्लास्टरमुळं दुसरीकडं बघता येतच नव्हतं.

"मुकुंदा," ते म्हणाले, "तो तांब्या जरा जवळ सरकव. माझा हात पुरत न्हाई."

मुकुंदनं तांब्या सरकवला. ते पाणी प्याले. मुकुंद बाहेर व्हरांड्यात गेला आणि मोठ्यानं रडला. तो आवाज आत येत होता. शेजारच्या खाटेवरच्या माणसानं विचारलं, कोण रडतंय? दीनानाथराव म्हणाले, "माझा मेहुणा."

दीनानाथ हसनाबादकर अंबड तालुक्यात देवी टोचायचे. निजामाच्या हैदराबाद सरकारची नोकरी. लशीचा डबा सायकलीला बांधून गावोगाव फिरायचं आणि पोरांच्या दंडावर लस टोचायची, हे त्यांचं काम. गावात त्यांची सायकल दिसली की आया पोरांना कणगीमागं लपवायच्या. दारं लागायची. ते ओसरीवर बसून राहायचे, पाणी मागायचे, इकडचं तिकडचं बोलायचे आणि दार उघडेपर्यंत उठायचे नाहीत. त्यांना स्वतःला मूल नव्हतं. उन्हाळ्यात डब्याला ओलं फडकं गुंडाळून द्यायचं काम विमलचं.

अपघात वडीगोद्रीच्या रस्त्यावर झाला. समोरून येणाऱ्या गाडीचा एक बैल बुजला, दीनानाथरावांनी सायकल बाजूला घेतली, ती कोरड्या ओढ्यात गेली आणि ते दगडावर बसल्यासारखे आदळले. माकडहाड आणि कमरेचं हाड, दोन्ही गेलं. त्यांना मालमोटारीतून जालन्याला नेलं. विमल सोबत आली होती. पहिले काही दिवस ती खाटेजवळ बसायची. मग तिलाच ताप आला आणि मुकुंदनं तिला जालन्यातल्याच आपल्या खोलीवर नेलं. तिथून ती परत आली नाही.

ते अंबडला घरी येणार म्हणून त्यांची थोरली बहीण, द्वारकाअक्का, हसनाबादहून आधीच येऊन राहिली होती. तिचा नवरा फार पूर्वी वारलेला. विमलची लुगडी तिनं ते यायच्या आधीच कुणाला तरी देऊन टाकली होती. दीनानाथरावांनी विचारलं नाही. भेटायला येणारी माणसं तोंड पाडून बसायची, तर हेच त्यांना विचारायचे, ज्वारी कशी आहे, विहिरीला पाणी किती आहे. लोक बाहेर पडताना म्हणायचे, मोठा धीराचा माणूस. अक्का आतून ऐकायची. तिला तो धीर वाटत नव्हता. ती ताट वाढायची, ते जेवायचे. ती वाढायची विसरली तर ते मागायचे नाहीत.

रजा संपत आली. सायकलीच्या सीटवर बसताच कमरेतून कळ निघे आणि डोळ्यापुढं अंधारी येई. बैलगाडीचे धक्के त्याहून वाईट. ताठ खुर्चीवरही फार वेळ बसता येईना. मागं रेलून, पाय पुढं सोडून तेवढं बरं वाटायचं. तालुक्याचे डॉक्टर म्हणाले, "दौरा जमणार नसंल तर मला वर कळवावं लागंल."

"कळवा," दीनानाथराव म्हणाले.

हे अक्कानं मुकुंदला कळवलं. मुकुंद जालन्यात कापसाच्या एका जिनिंगमध्ये फिटर होता. चोवीस-पंचवीसचा, बडबड्या, हातात सतत काहीतरी लागणारा. जिनिंगच्या मॅनेजरकडं येणाऱ्या विलायती मासिकात त्यानं एकदा एका सायकलीचं चित्र पाहिलं होतं. आरामखुर्चीत पडल्यासारखा माणूस, पाय पुढं, पायडल पुढच्या चाकाच्याही पुढं. त्या उन्हाळ्यात हंगाम संपून जिनिंग बंद झालं तसं त्यानं दोन मोडक्या सायकली घेतल्या, नळ्या कापल्या, जोडल्या. मागचं चाक नेहमीचं, पुढचं लहान पोरांच्या सायकलीचं. सीटला लोखंडी चौकट आणि तिच्यावर खाटेची नवार. दोन चेनी जोडून एक लांब चेन. हँडल मांडीच्या खाली, दोन्ही बाजूंना.

सरकारी मोटारीच्या टपावरून ती सायकल अंबडच्या स्टँडवर उतरली तेव्हा भोवती गर्दी झाली. भुजंग नावाचा हमाल तिला सगळीकडून बघून म्हणाला, "साहेब, बाज हाय का सायकल?"

"दोन्ही हाय," मुकुंद म्हणाला.

तेव्हापासून गावात तिचं नाव पडलं, निजती सायकल.

दीनानाथरावांनी ती पाहिली. "बरी केलीस," ते म्हणाले. मुकुंद दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना मत्स्योदरी देवीच्या टेकडीखालच्या मोकळ्या मैदानात घेऊन गेला. ते आले, कारण त्यानं चला म्हटलं.

ती सायकल शिकणं म्हणजे येत असलेलं सगळं विसरणं होतं. साध्या सायकलीवर तोल गेला की अंग कलतं करून सावरता येतं. इथं पाठ नवारीला टेकलेली, अंग हलवायला जागाच नाही. सगळं हँडलावर, आणि हँडल जरा जास्त फिरलं की सायकल सापासारखी वळवळायची. पहिल्या दिवशी ते पुन्हा पुन्हा पडले. जमीन जवळ होती, म्हणून फारसं लागत नव्हतं.

"चाकाकडं बघू नका भावजी. दूर बघा. त्या लिंबाकडं बघा. हात ढिले सोडा."

हात ढिले सोडायला त्यांना अडचण आली नाही. मुकुंद पुढं नेहमी सांगायचा, की इतर कुणाला हे शिकायला पुष्कळ वेळ लागला असता. पडायची भीती वाटते म्हणून माणूस हँडल आवळतो, आणि आवळलं की पडतो. भावजींनी आवळलंच नाही. तिसऱ्या-चौथ्या सकाळी ते लिंबापर्यंत सरळ गेले.

मुकुंद मागून टाळ्या वाजवत पळत आला. "आली की हो!"

"हो," दीनानाथराव म्हणाले आणि उतरून उभे राहिले.

त्यांच्या कोपरातून रक्त येत होतं.

"कधी लागलं?"

"माहीत न्हाई."

खरी अडचण पुढंच होती. सायकल चालत होती, पण अंगाला बसत नव्हती. पायडलची नळी पुढं-मागं सरकत होती, सीटची पाठ उभी-आडवी करता येत होती. मुकुंद पाना घेऊन बसायचा आणि विचारायचा. पाय पुरतो का? गुडघा दुखतो का? कंबर घासती का? पाठ आणखी पाडू का उभी करू?

"ठीक आहे."

"ठीक म्हणजे काय? दुखतंय कुठं?"

"कळत न्हाई."

असं रोज चाललं. एकदा मैदानातून एक फेरी मारून ते परत आले आणि उतरताना पाय जमिनीवर टेकवला तो मुडपला. ते आडवे पडले. मुकुंदनं त्यांना उठवलं, पण आता तो चिडला होता.

"भावजी, ही मी काय माझ्यासाठी केली का? तुम्ही सांगितल्याबिगर मी पाना कुठं फिरवू? मला तुमच्या पायात शिरून बघता येतं का? काय होऊन राह्यलं ते तोंडानं सांगा ना!"

दीनानाथराव खाली बसले. त्यांनी वहाण काढली आणि पाऊल दाबून बघितलं. खूप वेळ दाबलं.

"बधिर झालंय," ते म्हणाले. "डावं जास्त. उजव्याला नुसत्या मुंग्या आहेत."

"मंग असं बोला की!" मुकुंद गुडघ्यावर बसला. पाय वर धरून चालवायचं म्हणजे पावलात रक्त कमी पोचतं, हे त्याला सुचलंच नव्हतं. त्यानं पायडलची नळी वाकवून दोन बोटं खाली घेतली. पायडलवर चामड्याचे पट्टे लावले, म्हणजे पाय आपोआप टेकून राहील, रेटून धरावा लागणार नाही. पाऊल मधोमध ठेवायला सांगितलं, चवड्यावर नाही. "आता चालवा आणि परत येऊन सांगा."

ते चालवून आले आणि म्हणाले, "गुडघा पूर्ण ताठ होतोय. मागं घे."

मुकुंदनं मागं घेतलं. नट आवळत असताना, सीटवर रेललेले दीनानाथराव टेकडीकडं बघत म्हणाले, "मुकुंदा, ती शेवटी काही म्हणाली का?"

मुकुंदचा हात थांबला. "शेवटी शुद्ध नव्हती तिला. आदल्या दिवशी विचारत होती, त्यांना उठून बसता येतं का. मी म्हणलं, येतं."

"येत नव्हतं."

"न्हाई येत. खोटंच बोललो मी."

"बरं केलंस." दीनानाथरावांनी पाय पट्ट्यात घालून पाहिला. "अजून एक बोट मागं घे."

मुकुंदनं मान खाली घालून नळी मागं घेतली. त्याचे डोळे वाहत होते आणि नट दिसत नव्हता, तरी त्यानं आवळला.

पावसाळा उलटल्यावर, वाढवून मिळालेली रजा संपली तसे, दीनानाथराव पुन्हा दौऱ्यावर जाऊ लागले. चढावर ती सायकल फार जड जायची, कारण उभं राहून जोर लावता येत नसे. ते उतरून ढकलत न्यायचे. गावाच्या शिवेवर आले की कुत्री भुंकायची. पूर्वी त्यांना पाहून पोरं लपायची, आता घोळक्यानं पुढं पळत यायची. मागं बाया यायच्या. एका गावात गोजरबाई नावाची म्हातारी कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "काहून निजून चाललायस बाबा? दुखणाईत हायस का?"

"कमरेचं हाड मोडलं, मावशी."

"आन् तरी आलास व्हय आमची पोरं टोचायला?" तिनं आपल्या दोन्ही नातवांना दंड धरून पुढं ओढलं. बाकीच्या बायांनीही आणली. एवढ्या लवकर गाव कधीच उरकलं नव्हतं. डॉक्टरांनी शाबासकी दिली. दीनानाथरावांनी ती ऐकून घेतली.

हिवाळ्यात एकदा ते वडीगोद्रीच्या पुढं, गोदावरीच्या अंगाला गेले. विमलच्या अस्थी मुकुंदनं तिकडंच शहागडला सोडल्या होत्या, हे त्यांना माहीत होतं. पण त्यासाठी ते निघाले नव्हते, काम होतं. रस्ता नदीकडं उतरत जातो. सायकलीनं वेग घेतला. जमिनीपासून हातभर उंचीवर, पाय पुढं असताना तो वेग फार मोठा वाटतो. दोन्ही बाजूंच्या बाभळी मागं पळू लागल्या. दीनानाथरावांनी ब्रेक दाबला. ब्रेक फक्त मागच्या चाकाला होता. पुढच्या लहान चाकाला तो बसत नाही म्हणून मुकुंदनं सोडून दिला होता. मागचं चाक खडीवर घसरायला लागलं. खाली, रस्त्याच्या मधोमध शेळ्यांचा कळप होता.

ते ओरडले. आपण काय ओरडलो ते त्यांना कळलं नाही. शेळ्या फाकल्या, सायकल कळपातून पार झाली, पुढं मऊ मातीत शिरली आणि थांबली. शेळ्या राखणारा रखमाजी काठी टाकून धावत आला.

"लागलं का मास्तर?"

दीनानाथरावांनी पट्ट्यांतून पाय सोडवले. तोंडाला कोरड पडली होती. "न्हाई," ते म्हणाले, "भ्यालो."

रखमाजीनं त्यांना पाणी दिलं. ते बराच वेळ तिथंच बसले. मग सायकल हातात धरून उरलेला उतार चालत गेले आणि नदीवर पोचले. वाळवंटातून पाण्याशी गेले. घाटावर कुणी कपडे धूत होतं. अस्थी कुठल्या जागी सोडल्या असतील ते त्यांना माहीत नव्हतं आणि विचारायला कुणी नव्हतं. त्यांनी हातपाय धुतले, तोंड धुतलं. रडू येईल असं वाटून थोडं थांबले. आलं नाही. मग गावात जाऊन काम केलं.

त्या रविवारी ते मोटारीनं जालन्याला मुकुंदकडं गेले. अपघातानंतर स्वतःहून कुठं गेले, असं पहिल्यांदाच झालं.

"पुढं ब्रेक पाहिजे," ते म्हणाले. "कसाबी बसव. मला उतार बिलकुल उतरवत न्हाई त्याच्याशिवाय."

मुकुंदनं स्टोव्ह पेटवून चहा ठेवला. "बसवतो ना भावजी. बराबर बसवतो." लहान चाकासाठी त्यानं रबर धरणारे पत्र्याचे घोडे वाकवून नवा ब्रेक केला आणि अंबडला येऊन बसवला. दीनानाथरावांनी तो त्याच उतारावर, हळू, निम्म्यातून, मग वरून, असा तपासून घेतला.

पुढं राज्य बदललं, खात्याचं नाव बदललं. दीनानाथराव त्याच सायकलीवर फिरत राहिले. ताईचं वर्ष होईपर्यंत मुकुंदनं लग्न पुढं ढकललं होतं. नंतर झालं. बायको परभणीकडची, शरयू. लग्नानंतर दोघं अंबडला आले तेव्हा परसात भिंतीला टेकवलेली सायकल तिनं पाहिली आणि म्हणाली, "मी बसून बघू का?"

"पडशील," मुकुंद म्हणाला. अक्का म्हणाली, "अगं, शेजारी काय म्हणतील!"

दीनानाथराव उठले. त्यांनी परसाचं दार लावून घेतलं. सायकल आणून मधोमध उभी केली. नळी मागं घेतली, कारण तिचे पाय आखूड होते. लुगड्याचा काठ चेनीत जाऊ नये म्हणून अक्कानं तो गुडघ्याशी बांधून दिला. दीनानाथरावांनी मागून नवारीची चौकट धरली.

"खाली बघू नका," ते म्हणाले. "पाठ टेकवा. आता चालवा."

सायकल हलली. ते वाकून, कमरेला एक हात लावून मागं चालत होते. शरयू हसत होती, घाबरून ओरडत होती, पुन्हा हसत होती. मध्येच त्यांनी चौकट सोडली. ती भिंतीपर्यंत गेली. वळायचं कसं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून दोन्ही पाय खाली टाकून तिथंच थांबली.