न सुटणारा झेंडा

परवा नात शाळेतून गाइडच्या संघनायिकेची पट्टी लावून आली आणि सोसायटीच्या जिन्यात चार नवीन पोरींना ओळीत उभं करून ओरडायला लागली. मी दारातून बघत होते. तोच आवाज, तेच वर केलेलं नाक, हुबेहूब मी! आत जाऊन पदर तोंडात कोंबून हसले. अठराव्या वर्षी आजीने काय दिवे लावले होते, ते तिला अजून कोणी सांगितलेलं नाही.

तेव्हा आमचं मिठागर होतं, घर इथेच, भाईंदर पश्चिमेला. गाइडमध्ये मी पाच वर्षं काढली होती आणि स्वतःला अर्धी सेनापती समजत होते. एके दिवशी आमच्या कॅप्टनबाईंनी माझ्या गळ्यात शिट्टी घातली. म्हणाल्या, "उत्तनच्या शाळेत पाच नवीन मुली आल्यात. दर शनिवारी जाऊन त्यांना तयार कर. दीक्षेच्या दिवशी पाचही जणींच्या गळ्यात स्कार्फ आला तर राज्य मेळाव्याला तुझं नाव पाठवते. एक जरी राहिली, तर तूही राहिलीस."

मी तोवर ठाण्याच्या पुढे गेले नव्हते. मेळाव्यासाठी मी समुद्र पिऊन दाखवला असता. लगेच नवी वही आणली, 'नायिकेची कर्तव्ये' असं लिहून खाली लाल रेघ मारली आणि दिवसभर ती रेघच बघत बसले.

पाचही मुली कोळ्यांच्या. त्यातली एक हडकुळी, कायम वेणीचं टोक चघळणारी. पहिल्या शनिवारी मी घरून सुतळी नेली आणि पुस्तक उघडं ठेवून रीफ गाठ शिकवायला घेतली. "डावं उजव्यावर, उजवं डाव्यावर!"

वेणीवाली शांतपणे म्हणाली, "ताय, ही तर आमचा बारका भाव चड्डीला मारतो."

मी शिट्टी फुंकली. उत्तर सुचलं नाही की मी शिट्टी फुंकायचे, त्यामुळे त्या दिवसांत उत्तनमध्ये शिट्टी बरीच ऐकू यायची.

मग तिने माझ्या हातातली सुतळी घेतली आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत एक गाठ मारली. "बापूस होडीला मारतो ती. भरतीत पन सुटत न्हाय." मी ओढलं, लोंबकळले, पाय लावून खेचलं. गाठ ढिम्म. जळफळाट झाला, पण नायिकेने चेहरा हसरा ठेवावा असं वहीत होतं. मी खाकरून म्हटलं, "बरोबर. गाइडची गाठ कधीही सुटता कामा नये!" आणि पुढचे सहा शनिवार हेच वाक्य पोरींकडून ओरडून घेतलं.

दीक्षेचा दिवस आला. जिल्ह्याहून मोठ्या बाई येणार होत्या. आमच्यात पद्धत अशी, की पथकाच्या झेंड्याची पुरचुंडी करायची, आत फुलांच्या पाकळ्या भरायच्या, दोरीने बांधून काठीच्या टोकाला चढवायची. पाहुण्यांनी दोरीला एक झटका दिला की गाठ सुटते, झेंडा फडफडतो, पाकळ्या पडतात, टाळ्या वाजतात.

नायिकेने कामं वाटून द्यावीत, असं वहीत होतं. मी झेंडा वेणीवालीकडे सोपवला आणि स्वतः आरशासमोर अर्धा तास तीन बोटांची सलामी देऊन बघितली. शाळेची दोरी कुजकी निघाली म्हणून तिने होडीवरची आणली. पाकळ्या ठेवायला घरातली टोपली आणली. त्या टोपलीत आदल्या दिवसापर्यंत सुका जवळा होता.

बाई आल्या. कौतुकाने वर बघत म्हणाल्या, "छान बांधलाय झेंडा. कोणी?"

"मीच, बाई," मी म्हटलं. जिभेला हाड असतं तर त्या दिवशी तरी वाचले असते.

बाईंनी झटका दिला. काही नाही. दुसरा दिला. तिसरा दोन्ही हातांनी दिला, तशी बांबूची काठी वाकून त्यांना नमस्कार करायला लागली. आमची तीन बोटं कपाळाशी, हाताला मुंग्या आलेल्या. तेवढ्यात जवळ्याच्या वासाने एक कावळा आला आणि पुरचुंडीवर बसून टोचायला लागला.

"ताय, कावला सोडवतंय बघ!" मागून एकजण ओरडली.

पुरचुंडी खाली घेतली. बाई मला म्हणाल्या, "तूच बांधलीस ना? मग सोड."

मी नखं लावली. मग दात लावले. तोंडात मीठ, मासळी आणि कसलंतरी तेल. कॅप्टनबाई आभाळाकडे बघत होत्या. मोठ्या बाईंनी विचारलं, "या मुलींना तू गाठी शिकवल्यास?" आणि टेबलावरचे पाच स्कार्फ बाजूला सरकवले. वेणीवालीचं तोंड रडवेलं. मेळावा तर गेलाच होता, आता तिचा स्कार्फही माझ्यामुळे चालला होता.

तोंडातला दोर काढला आणि म्हटलं, "बाई, मी नाही बांधला. हिने बांधलाय. पण झेंड्याची गाठ सुटायला हवी, हे मी सांगितलंच नव्हतं. सुटता कामा नये, एवढंच शिकवलं मी."

बाईंनी वेणीवालीकडे बघितलं. ती पुढे आली, माझ्याकडे न बघता म्हणाली, "खेचायचा न्हाय ताय, मागं ढकलायचा," आणि अंगठ्याने दोर सरकवला. पुरचुंडी उघडली. झेंडूच्या पाकळ्या आणि पसाभर जवळा थेट बाईंच्या चपलांवर! शाळेची मांजर कुठून आली कोण जाणे, ती बाईंच्या पायाशी लोळायलाच लागली.

बाई इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची द्यावी लागली. मग त्यांनी वेणीवालीला ती गाठ तीनदा मारून दाखवायला लावली, आणि पाचही जणींना स्कार्फ घातले.

आमच्या कॅप्टनबाई शब्दाच्या पक्क्या. पाचही पास, म्हणून माझा मेळाव्याचा अर्ज भरायला बसल्या. 'विशेष कौशल्य' या रकान्यापाशी पेन बराच वेळ थांबलं. गाठी लिहिता येईना, झेंडा लिहिता येईना. शेवटी सुस्कारा सोडून त्यांनी लिहिलं, 'आवाज मोठा आहे.'

मेळाव्यात मला आठही दिवस जेवणाची हाळी द्यायचं काम मिळालं. एकही तंबू उपाशी राहिला नाही.