रंगनाथकाकांची तपासणी

रंगनाथकाका नाशिकजवळ सातपूरच्या एका कारखान्यात माल तपासायच्या कामावर होते. दुसऱ्याने मोजलेला जॉब, म्हणजे यंत्रावर घडवलेला भाग, ते स्वतः पुन्हा मोजायचे, आणि ही खोड घरीही घेऊन यायचे. केबलवाल्याची दारात उलटतपासणी, भाजीवाल्याच्या काट्यावर डोळा. २००२ साली त्यांना हार्ट अटॅक आला, तर त्याचाही गुन्हेगार त्यांनी शोधून काढला: माझी कमळाकाकू. "हिने रिक्षा आणायला वेळ लावला, म्हणून हृदयाचा तुकडा गेला," असं ते तिच्या माहेरी, कळवणलासुद्धा सांगून आले. काकू उठून स्वयंपाकघरात जायची. मला काकांचा भयंकर राग यायचा.

पुढे पुण्यात शिकताना अटॅकनंतरचं हृदय कॉम्प्युटरवर उभं करणं हाच माझा विषय झाला. रक्त किती वेळ अडलं ते सांगितलं की साधारण किती स्नायू मेला, ते प्रोग्रॅम दाखवायचा. २००६ च्या जानेवारीत मी लॅपटॉप घेऊन नाशिकला आले, तेव्हा काका म्हणाले, माझं करून दाखव. हौस कसली, त्यांना मला चुकीत पकडायचं होतं.

"हे खरं कशावरून?"

"तुमच्या जुन्या रिपोर्टशी ताडून बघू. दुखायला लागल्यापासून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन मिळेपर्यंत किती वेळ गेला?"

"दोन तास. त्यातला एक हिच्या रिक्षापायी."

दोन तास टाकले. पडद्यावर हृदय धडधडू लागलं. न हलणारा भाग लहानसाच दिसत होता. रिपोर्टमध्ये तो दुपटीहून मोठा होता.

"रिजेक्ट," काका खुशीत म्हणाले.

आधी मला माझ्याच कामाचा संशय आला. सगळे आकडे पुन्हा तपासले, चूक सापडेना. मग संशय काकांवर गेला. मी प्रोग्रॅममध्ये वेळ वाढवत गेले.

"काका, सहा तास टाकले की जुळतंय. यावरून सिद्ध काही होत नाही, पण विचारते. दुखायला नेमकं कधी लागलं?"

वाटाणे सोलणारी काकू थांबली. काकांनी जुना रिपोर्ट मिटून ठेवला.

"सकाळी दहाला. कारखान्यातच," ते म्हणाले. "गॅसेस असतील म्हटलं. डॉक्टरवर विश्वास नव्हता. दुपारी पाळी संपून घरी येईपर्यंत कुणाला बोललो नाही." मग काकूकडे न बघता म्हणाले, "तुझी चूक नव्हती."

"मला कशाला सांगता? मला ठाऊक हाय, मी वेळ लावला नाय. कळवणला फोन लावा. माझ्या भावाला सांगा."

"उद्या लावतो."

"आत्ता लावा."

काकांनी नंबर फिरवला. पलीकडून दोनदा "कोण बोलतंय?" असं आलं. काकांनी रिसीव्हर कानापासून दूर धरून माझ्याकडे बघितलं. मला त्यांची दया आली, मी रिसीव्हर घ्यायला उठले. काकूने माझा हात धरला.

"बोलू दे त्यांना," ती म्हणाली.