प्राप्तीची बोटं आणि ठमाबाईची लोकर

आगरदांड्यात ठमाबाईच्या हाताखालून गेलं नाही असं एक पोर शोधून दाखवा. अंगणवाडीत ती मदतनीस. काम म्हणजे खिचडी शिजवायची आणि शेंबडी नाकं पुसायची. पण पोरांच्या ध्यानात राहते ती तिची लोकर. चार बोटांतून लोकर आत-बाहेर फिरवायची, वर दुसरा फेरा घ्यायचा, मग खालचा वेढा उचलून बोटावरून मागं टाकायचा. सुई नको, काही नको. हाताच्या मागून साखळी सुटायला लागली की पोरं घरी जायचं नाव काढत नाहीत.

आणि त्याच ठमाबाईला सख्ख्या नातीच्या बोटांवर लोकर चढवता येईना.

नात प्राप्ती, सहा वर्षांची. सून रुचिता पाहुण्यांसाठी वडे तळत होती, पोरीचा धक्का लागून कढई कलंडली आणि तेल पोरीच्याच उजव्या हातावर सांडलं. जखम यथावकाश भरली. डॉक्टरांनी बजावलं होतं, बोटं रोज ताणून सरळ करा, रडली तरी करा. पण पोर रडते म्हटल्यावर आपल्याकडे कोण डॉक्टरचं ऐकतंय? अख्ख्या घरानं तो हात तळहातावरच्या फोडासारखा जपला. जुन्या धोतराच्या मऊ फडक्यात गुंडाळून ठेवला. पोरीला घास भरवले, पेला ओठाला लावला. त्यात ठमाबाई सगळ्यांच्या पुढं. शेजारणी म्हणायच्या, आजी असावी तर अशी. माया केली बाई, माया! त्या मायेनं बोटं तळव्याकडे वळली ती वळलीच.

परत दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टर चिडले. शाळा सुरू व्हायच्या आत बोटं थोडी तरी उघडली तर ठीक, नाहीतर मुंबईला नेऊन कातडी कापावी लागेल, आणि एवढं करून हात पहिल्यासारखा होईलच असं नाही, म्हणाले. मुलगा केतन ट्रकवर, आठवडा आठवडा बाहेर.

ठमाबाईला लोकरीशिवाय दुसरं काय येतंय? ती लोकर घेऊन बसली. वाकड्या बोटांवर वेढा टिकेना, घसरून पडायचा. टिकवायचा तर बोट ताणायला हवं, आणि ताणलं की पोर गुरासारखी ओरडायची. म्हातारीनं गोळ्या-बिस्किटं दिली, गोष्टी सांगितल्या, हातापाया पडली. काही उपयोग नाही. शेवटी एकदा तिचा तोल सुटला. पोरीला मांडीखाली दाबून तिनं करंगळी खेचली. पोर भीतीनं तिथंच ओली झाली.

रुचितानं धावत येऊन लेकीला ओढून घेतलं. "आई, पुरे. वाकडा तर वाकडा हात. मला माझी पोर हसती पायजे."

"आनि उद्या तू न्हाय, मी न्हाय, मंग हिला घास कोन भरवंल?"

रुचिता पोरीला घेऊन आत गेली.

त्या दिवसापासून प्राप्ती आजीच्या वाऱ्याला उभी राहीना. आजी ओट्यावर आली की ती परसात. रात्री आजीच्या कुशीत झोपणारं पोर आता आईच्या पलीकडे भिंतीला चिकटून झोपायचं. अंगणवाडीत गावची पोरं साखळ्या गळ्यात घालून नाचायची आणि ठमाबाईला त्यांची सरळ बोटं बघवायची नाहीत. कुणाच्या लेकरांचा हेवा करावा, इतकं वाईट मन झालं होतं तिचं. मरण येईल तर बरं, असं ती चुलीपाशी बसून पुटपुटायची. शाळा तर तोंडावर आली होती.

एका दुपारी ती ओट्यावर दाराला लागून बसून आपल्याच डाव्या हातावर लोकर गुंडाळत होती. करायचं काय, हे न कळणाऱ्या माणसाचा तो चाळा. दारात प्राप्ती येऊन उभी राहिली. बराच वेळ बघत राहिली. मग जवळ आली, फडक्यातून हात बाहेर काढला आणि म्हणाली, "तुला पन दुखायला पायजे."

ठमाबाईनं हात पुढं केला.

पोरीनं वाकडं बोट लोकरीच्या वेढ्यात खुपसलं आणि रागारागानं ओढलं. वेढा आजीच्या बोटात रुतला. दुसऱ्या वेढ्याखाली बोट शिरेना, तर दात-ओठ खाऊन तिनं ते पुढं रेटलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण थांबेना. जुनं सगळं वसूल करायचं होतं तिला. आजीची बोटं लाल झाली, मग निळसर व्हायला लागली.

"दुखतंय?"

"व्हय."

"लय?"

"लय."

पोरीनं पुढच्या वेढ्यात बोट घातलं. या खेपेला ते वेढ्याखालून पलीकडे निघालं. नखाएवढंच, पण निघालं. तिच्या ते ध्यानातही आलं नाही. ठमाबाईला मात्र दिसलं, आणि आतून रुचिता 'काय चाललंय' म्हणत येताना ऐकू आलं. म्हातारीनं दुसऱ्या हातानं दार लोटून धरलं आणि नातीला म्हणाली, "सोडू नको मला. ओढ."