साच्यांवरची बोली

कमळकाकूंकडे आज कोणती भाजी आहे, हे मुलुंडच्या त्या अख्ख्या सोसायटीला फोडणीच्या आधी कळतं. कारण काकू ते नवऱ्याला सांगत असतात. भिकाजीकाकांचं तरुणपण गिरणीत साच्यांवर, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांवर गेलं आणि त्या खडखडाटात कानही गेले. कानात घालायचं यंत्र आहे, पण त्यात पंखासुद्धा बोंबलतो म्हणून ते डबीतच असतं. हल्ली तर काकांनी कुठे जाणंच सोडलं होतं. "चार माणसांत ठोंब्यासारखो बसतंय मी. माका नको."

म्हणून काकूंनी हट्टाने खाडीवरच्या पक्षीदर्शनाला दोघांची नावं दिली. "पक्षी बघायचे आहेत, ऐकायचे नाहीत. उठा!"

थंडी सरत आली होती. भांडुपच्या खाडीत ओहोटी लागून चिखल उघडा पडलेला आणि त्यावर रोहित पक्ष्यांचा गुलाबी थवा माना खाली घालून चरत होता. पक्षी दाखवायला आलेली श्रुतिका कुजबुजली, "आता कुणी बोलायचं नाही हं. अगदी जवळ आहेत."

काका मात्र भलतीकडे, तिवरांकडे बघत होते. काकूंना राहवेना.

"ओ! थंय नाय, हयसर! उजव्या हाताक बघा!"

अख्खा थवा उठला आणि पार पलीकडच्या काठाला जाऊन बसला.

"काय हो काकू!" वरच्या मजल्यावरची दिपाली कॅमेरा खाली घेत कळवळली. "आत्ता कुठे फोकस लागला होता यार!"

"चुकलं गं बाय."

काकांना शब्द कळले नाहीत, चेहरे कळले. "चल, गाडयेत बसूया. माझ्यापायी तुका कोणी बोलाक नको."

आज हे गाडीत जाऊन बसले, तर पुन्हा उंबरठा ओलांडायचे नाहीत. त्यांनी काकांचा दंड धरला आणि दुसरा हात आपसूक वर गेला. तळवा आडवा: साचा थांबव.

काका थबकले.

गिरणीत कुणाला कुणाचं ऐकू येत नसे, म्हणून साचेवाले हातांनी बोलत. लग्नानंतर चाळीतल्या एका खोलीत, सासू-सासरे हातभर अंतरावर निजलेले असताना, काकांनी ती बोली बायकोला शिकवली होती. पुढे मुलुंडला स्वतःचं दार मिळालं आणि हात गप्प झाले.

काकूंनी खुणेने पलीकडचा थवा दाखवला. तेवढ्यात भोवत्या नावाचा एक शिकारी पक्षी गवतावरून खाली झेपावला आणि निवांत बसलेल्या बदकांची पळापळ झाली. काकूंनी ओठांवर नसलेल्या मिशीला पीळ दिला: जॉबर आला! खात्यावर देखरेख करणाऱ्या जॉबरची हीच खूण.

काकांचं पोट गदागदा हलायला लागलं. मग त्यांचीही बोटं नाचली, तशा काकू पदर तोंडाशी नेऊन दुसरीकडे बघू लागल्या.

"काय म्हणाले काका?" श्रुतिकाने हळूच विचारलं.

"काय नाय गं."

"अय्या, काकू लाजल्या!" दिपाली खुसखुसली. "सांगा ना!"

"तू तुझे पक्षी बघ."

ऊन चढलं तशी श्रुतिका म्हणाली, "चला, निघूया." सगळे वळले, काका बांधावरच. काकूंनी समोर जाऊन खूण केली: पाळी सुटली, घरी चला.

काकांनी श्रुतिकाने दिलेली दुर्बीण डोळ्यांना लावली आणि तोंड खाडीकडे फिरवलं. या बोलीत ऐकायचं नसलं, की एवढं पुरतं.