बाबांचा वेगळा टॉवेल

घराच्या पुढच्या खोलीत पार्लर चालवणारी ही बाई स्वच्छतेच्या बाबतीत भारी कडक. नाकावर माशी बसू देणार नाही. गिऱ्हाइकाच्या आयब्रो झाल्या की दोरा केरात, टॉवेल जंतुनाशकाच्या पाण्यात, ही तिची शिस्त. आणि नेमक्या तिच्याच घरात सासऱ्यांच्या पापण्या लाल झाल्या. कडांना खपल्या धरायच्या, सकाळी पापण्या चिकटून बसायच्या. एक गिऱ्हाईक त्यांना दारात बघून खुर्चीत न बसताच परत गेली, तेव्हा हिचं डोकंच फिरलं.

बाबांचे डोळे आलेत, हे तिनं परस्पर ठरवून टाकलं. डॉक्टर हवा कशाला? साथीचं तिला सगळं ठाऊक! बाबांची उशी वेगळी, टॉवेल वेगळा, बसायचं मागच्या खोलीत. आणि नातीला, दीड वर्षांच्या ठमीला, उचलायचं नाही. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला तो शांत माणूस. उशी-टॉवेल उचलून मागच्या खोलीत जाऊन बसला. ठमी मात्र कुणाच्या बापाला ऐकणारी नव्हती. मागच्या खोलीचं दार बडवत बसायची. बाबा आतूनच तिच्याशी बोलायचे.

महिना होत आला तरी पापण्या बऱ्या होईनात, उलट सुजल्या. नवऱ्यानं कटकट केली म्हणून ती बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी नीट तपासलं. डोळे आलेले नव्हतेच. पापण्यांच्या कडांना सूज होती आणि ती कुणाला लागणारी नव्हती. कोमट पाण्यात पिळलेलं स्वच्छ फडकं रोज मिटल्या डोळ्यांवर ठेवायचं, मग कडा हलक्या हातानं पुसायच्या, चोळायच्या नाहीत, एवढंच त्यांनी सांगितलं. पण भोवतालची कातडी भाजल्यासारखी का दिसते, ते त्यांना कळेना. तोंड कशानं पुसता, असं विचारल्यावर बाबांनी खांद्यावरचा टॉवेल पुढे केला. बाईंनी तो हुंगला आणि सुनेकडे पाहिलं.

सुनेला सांगावंच लागलं. रोज जंतुनाशकात बुडवत होती, आणि जंतू पुरते मरावेत म्हणून साध्या पाण्यातून काढतही नव्हती.

"झोंबत नव्हतं का, आजोबा?" बाईंनी विचारलं.

"झोंबायचं की. पण सूनबाई एवढ्या काळजीनं धुऊन द्यायची. मला वाटलं, झोंबतंय म्हणजे गुण येतोय."

ती मेल्याहून मेल्यासारखी झाली. कसली काळजी? तिला त्यांची किळस येत होती, आणि काळजी होती ती खुर्ची रिकामी राहण्याची. रोगापेक्षा औषध भयंकर म्हणतात. इथं तर औषधसुद्धा नव्हतं. घरी येईपर्यंत तिची मान वर झाली नाही.

संध्याकाळी तिनं उकळलेलं पाणी कोमट केलं आणि फडकं पिळून बाबांच्या डोळ्यांवर ठेवलं. ते थंड झालं की पुन्हा भिजवायची. "बाबा, चुकलं माझं," ती म्हणाली. त्यावर ते म्हणाले, तुला कुठं माहीत होतं गं. दोन शब्द रागाचे बोलले असते तर तिला सोपं गेलं असतं.

पापण्या पुसून झाल्यावर तिनं ठमीला आत सोडलं. पोरगी धावत जाऊन थेट आजोबांच्या मांडीवर चढली. बाबांचे हात मात्र खुर्चीच्या हातांवरच राहिले. त्यांनी सुनेकडे पाहिलं.

"घेऊ का गं हिला?"

तिनं त्यांचे दोन्ही हात उचलून ठमीभोवती ठेवले.