देवाकडे माझी तक्रार

आजारी माणसाच्या डोक्यावर हात ठेवून मी जेवणाची प्रार्थना म्हटली. दहा माणसांसमोर, खणखणीत आवाजात.

त्याचं असं झालं. आमच्या चर्चच्या मंडळीतले एक काका आहेत. जन्मभर एसटीत ड्रायव्हर, त्यातली निम्मी वर्षं गंगापूरच्या गाडीवर. त्यांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. पाळकसाहेब परगावी सभेला गेलेले, म्हणून आम्हीच मंडळीतली माणसं छावणीजवळच्या त्यांच्या घरी जमलो. एक गीत झालं आणि सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. कारण मी पंच. पंच म्हणजे चर्चच्या कंपाउंडला रंग कोणता द्यायचा यावर भांडणारा माणूस. त्याला प्रार्थना येत असेल असं लोक उगाच धरून चालतात.

मी पुढं झालो. काकांच्या टकलावर हात ठेवला, डोळे मिटले, आणि तोंड उघडताच जे पाठ होतं ते बाहेर आलं. "हे प्रभू, तू आमच्यापुढं जे ठेवलं आहेस त्याबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. ज्या हातांनी हे तयार केलं त्यांना आशीर्वाद दे. ज्यांना हे मिळालं नाही त्यांनाही मिळू दे. आणि हे आमच्या अंगी लागो..."

इथं माझं मलाच कळलं. खोलीत कोणाचा तरी श्वास अडकला होता, कोणाला तरी खोकला आला. काकांनी एक डोळा उघडला.

"आरं," ते म्हणाले, "मी अजून शिजलो नाय."

मग काय व्हायचं ते झालं. हसू ओसरल्यावर एका बाईंनी सगळ्यांना पाठ असलेली प्रभूची प्रार्थना सुरू केली आणि माझी सुटका केली. लोक चपला घालू लागले तसा मीही सटकत होतो, तर काकांनी मनगट धरलं. ड्रायव्हरची पकड, अजून तशीच.

"शुक्रवारी नेतेत मला. त्याच्या आदल्या दिवशी ये. नीट प्रार्थना कर."

"काका, पाळकसाहेब येतील की तोवर."

"ते 'आमचा आजारी भाऊ' म्हणतेत. दवाखान्यात समदेच आजारी. देवाला कळंल कसं कोणता भाऊ? आमची म्हातारी गेली तवापासून माझं नाव घेऊन देवाला कोणी बोललं नाय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आन एक सांगतो, कोणाला बोलू नको. दुसऱ्याच्या गाडीत मला कधी डोळा लागला नाय. आन हे भूल देणार म्हंतेत."

मी 'येतो' म्हणालो. मी दारात पोचेपर्यंत ते पुन्हा मूळपदावर आले होते. "येताना जेवून ये बरं. माझ्यावर नजर नको."

ही गोष्ट घरी जाऊन बायकोला सांगायची होती, पण घरी बायको नव्हती. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. पण लेक पुण्यात नोकरीला, तिचा डॉक्टर तिथला, म्हणून माहेरच उचलून पुण्याला गेलं. म्हणजे बायको गेली. माहेराचा उरलेला भाग, म्हणजे मी, इथं औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानात नोकरीला राहिला. नातू झाला, बारसं झालं, आणि बायकोचा मुक्काम 'अजून थोडे दिवस' या मापानं लांबत गेला.

आमच्या घरात प्रार्थना हे बायकोचं खातं. संध्याकाळी टीव्ही बंद व्हायचा, ती डोक्यावर पदर घ्यायची आणि सुरू करायची. लेक, जावई, माझी बहीण, तिची मुलं, खालच्या मजल्यावरच्या आजी, पाय मोडलेला दूधवाला. ज्या संध्याकाळी नळाला पाणी यायचं त्या संध्याकाळी प्रार्थना आखूड, कारण पिंपं भरायची असत. पण कितीही आखूड झाली तरी मी त्यातून सुटत नसे.

एरवी ती मला 'अहो' म्हणते. लग्नापासून तिनं मला नावानं हाक मारलेली नाही, तिच्या आईनंही कधी नवऱ्याला मारली नव्हती. पण देवासमोर ती माझं पूर्ण नाव घ्यायची. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. देवाचा घोळ व्हायला नको. आणि मग, "प्रभू, यांच्या गुडघ्याला आराम दे. दुकानात कोणी उलट बोललं तर यांना शांती दे. आणि आंघोळीनंतर ओला टॉवेल पलंगावर टाकू नये एवढी बुद्धी दे, कारण माझं सांगून झालं आहे."

मुलगी लहान असताना इथं खुदकन हसायची. दुसऱ्यांसाठीच्या विनंत्यांना मी मोठ्यानं आमेन म्हणायचो, टॉवेलच्या वेळी जरा पुटपुटायचो. माझ्या वाट्याला एकच काम होतं. ताटं वाढली की जेवणाची प्रार्थना. ती वडिलांकडून आलेली, एका दमात होणारी. पोळी गार व्हायच्या आत.

ती पुण्याला गेल्यावर सुरुवातीला आम्ही फोनवर प्रार्थना करून पाहिली. व्हिडिओवर. बाळ रडायचं, मग ती फोन गादीवर ठेवून बाळाला घ्यायची, आणि मी त्यांच्या छताच्या पंख्याकडं बघत डोळे मिटायचो. एकदा प्रार्थनेच्या मध्येच पंखाही बंद झाला, वीज गेली होती. मग ते हळूहळू राहूनच गेलं. फोन व्हायचे, पण ते शी-शूचे आणि लसीचे.

आणि एका संध्याकाळी माझ्या लक्षात आलं, की कित्येक दिवसांत माझं नाव कोणी उच्चारलेलं नाही. दुकानात मला सगळे 'सर' म्हणतात, कारण पाठ्यपुस्तकं विकणाऱ्याला लोक मास्तर समजतात. लेक 'पप्पा' म्हणते. रिक्षावाले 'चाचा'. घरी आलं की कुलूप काढायचं, दिवा लावायचा. सकाळचा टॉवेल पलंगावर तसाच पडलेला, चादरीवर त्याचा ओलसर डाग. कोणी काही म्हणत नव्हतं. देवालाही कळवलं जात नव्हतं. मी टॉवेल उचलायचो नाही. मुद्दाम नाही, पण कोणासाठी उचलायचा ते कळत नव्हतं.

माझा विश्वास आहे. रविवारी उपासनेला जातो, दानाच्या पिशवीत हात घालतो, उपदेश चालू असताना झोपत नाही, निदान घोरत तरी नाही. पण एकटं बसून देवाशी बोलायचं म्हणजे काय बोलायचं? काकांसाठी म्हणून मी स्वयंपाकघरात उभा राहून सराव केला. आधी पाळकसाहेबांच्या थाटात. "हे सर्वसमर्थ, हे सर्वज्ञ, हे कृपासागरा." हे महापालिकेच्या सत्कारासारखं वाटायला लागलं. देव जणू स्टेजवर बसलाय आणि मी हार शोधतोय. मग साधं करून पाहिलं. "प्रभू, काकांना बरं कर." एवढं झालं की पुढं काही सुचेना. फ्रिज घुरघुरत होता.  मग वरण गरम केलं आणि काहीच न म्हणता जेवलो. पाठ असलेली प्रार्थनाही म्हटली नाही, तिच्याशी माझं भांडण झालं होतं.

गुरुवारी दुकान सुटल्यावर मी स्कूटर काढली. खरं सांगतो, अर्ध्या वाटेवर पेट्रोल संपलं असतं तर मी देवाचे आभार मानले असते. ते संपलं नाही.

काका पलंगावर भिंतीला टेकून बसले होते. बाजूला दवाखान्याची पिशवी भरून तयार. मुलगा पिंपरीहून रात्रीच्या गाडीनं येणार होता. शेजारच्या खाला खिचडीचं पातेलं घेऊन आल्या होत्या. काकांची बायको गेल्यापासून संध्याकाळचं जेवण त्यांच्याकडूनच येतं.

"जेवून आला का?" काकांनी विचारलं.

"नाही."

"मग दूरच बस."

मी बसलो. घाम पुसला. बायको सुरुवात कशी करते ते आठवलं. म्हटलं, "काका, तुमचं पूर्ण नाव सांगा. वडिलांच्या नावासकट."

 काकांनी टेकलेली पाठ सरळ केली आणि नाव सांगितलं. स्वतःचं, बापाचं, आडनाव. त्यावर न विचारता गाव आणि तालुकाही. तपासनीसाला सांगावं तसं.

"आता तुमच्या तक्रारी सांगा," मी म्हणालो. "म्हणजे तुमच्याबद्दलच्या."

ते काही बोलायच्या आत खाला दारातून म्हणाल्या, "मैं बोलती ना. बुड्ढा शाम की गोली खिड़की में से फेंकता. मेरी बकरी खाती. बकरी का बीपी बराबर हो गया, इनका नहीं हुआ."

"एकच डाव फेकली," काका म्हणाले.

"रोज," खाला म्हणाल्या. "और तकिये के नीचे गुड़ रखता."

मी काकांच्या डोक्यावर हात ठेवला. डोळे मिटले. त्यांचं नाव घेतलं, सगळं, तालुक्यापर्यंत. आणि म्हणालो, "प्रभू, हा माणूस गोळ्या बकरीला चारतो. उशीखाली गूळ ठेवतो. पोरं दारात क्रिकेट खेळली तर बॉल जप्त करतो, असे त्याच्या कपाटावर चार दिसतायत. त्याला अक्कल दे. त्यानं हजारो माणसं गंगापूरला नेली आणि परत आणली, ते तू पाहिलं आहेस. त्या गाडीत लोक बिनघोर झोपायचे. तो मात्र दुसऱ्याच्या गाडीत कधी झोपला नाही. प्रभू, तो घाबरला आहे. उद्या त्याला गाडी तुझ्या हातात द्यायची आहे आणि त्याला त्याची सवय नाही. तू चालव. त्याला झोप लागू दे. आणि परत आण."

एवढंच. कृपासागर वगैरे काही आलं नाही. 'येशूच्या नावानं' म्हणून संपवलं. डोळे उघडले तर काकांचे मिटलेलेच. खालांनी ओढणी डोक्यावर घेतली होती आणि त्या जमिनीकडं पाहत होत्या.

काका म्हणाले, "आमेन." आणि मग, "आमची म्हातारी अशीच. चुगल्या करायची माझ्या. लई राग यायचा."

"आता?"

"आता जेवणाची म्हण. ती येती तुला."

खालांनी खिचडी वाढली, मी ती म्हटली. या वेळी जागेवर होती.

शुक्रवारी त्यांना दाखल केलं, ऑपरेशन शनिवारी झालं. दुपारी दुकानात गर्दी असताना काकांच्या मुलाचा फोन आला. सगळं नीट पार पडलं होतं. तो हसत होता. म्हणाला, "भूल द्यायच्या आधीच पप्पा घोरत होते म्हणे. आधी दिलेल्या गोळीनं असणार." असेल. मी वाद घातला नाही. गिऱ्हाईकाला सातवीऐवजी आठवीचं गणिताचं पुस्तक दिलं आणि ते परत करायला आलं तेव्हाही मला राग आला नाही.

संध्याकाळी कुलूप काढलं, दिवा लावला. टॉवेल उचलून दोरीवर टाकला. ताट वाढून घेतलं आणि बायकोला फोन लावला. आता सांगण्यासारखं काही होतं. 'मी अजून शिजलो नाय' यावर ती इतकी हसली, की बाळ दचकून उठलं आणि लेक तिला रागावल्याचं मला ऐकू आलं. मी पुढं सांगत गेलो. नाव, बकरी, गूळ, गाडी. थोडी फुशारकी होतीच आवाजात. म्हणालो, "अगदी तुझ्यासारखी केली. तू माझी करतेस ना, तशी."

पलीकडून बाळाला थोपटत असल्याचा आवाज येत होता. 

"ऐकतेयस ना?"

"ऐकतेय," ती म्हणाली. "इतकी वर्षं मी सगळ्यांची नावं घेतली. घरातली, दारातली. दूधवाल्याच्या पायाचंसुद्धा सांगितलं. माझं नाव घेऊन तुम्ही देवाला कधी काही बोलला नाहीत. एक तक्रारसुद्धा नाही. मी काय इतकी चांगली आहे?"

 "ताट वाढलंय," मी म्हणालो. माणूस अशा वेळी असलंच काहीतरी म्हणतो.

"निवू द्या ताट. बाळाला मांडीवर घेतलंय, आता ते रडायचं नाही. फोन गादीवर ठेवणार नाही मी, हातातच धरलाय. करा सुरुवात." मग जरा थांबून म्हणाली, "आणि माझ्या नावापुढं बापाचं नाव लावा, तुमचं नको. देव मला तुमच्या आधीपासून ओळखतो."