सरांच्या घरचे धपाटे

बदनापूर स्टेशनाबाहेर आज कुणीतरी धपाटे भाजत होतं. तेला-लसणाचा वास नाकात शिरला आणि आमचे सर आठवले. तोंड कडू झालं.

विद्यापीठात ते आम्हाला मानव विकास आणि कुटुंब अभ्यास शिकवायचे. एकदा आम्हा चौघी पोरींना त्यांनी घरी जेवायला बोलावलं. धपाट्यावर दही ओढून घेत ते सांगत होते, "पोरींनो, समानता ताटापासून सुरू होते. सगळ्या घरानं बराबर बसून जेवलं पाहिजे." त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, तव्यावरून गरम धपाटे आणून वाढत होत्या.

मी म्हटलं, "काकू, तुम्हीबी बसा ना."

उत्तर सरांनीच दिलं, तेही कौतुकानं हसत. "तिला आमच्याआधी भूकच लागत न्हाई." मंग त्यांनी ताटातच हात धुतले आणि काकूंनी ते ताट उचलून नेलं.

तेव्हा मला ते घर किती मायाळू वाटलं होतं! आज त्या मायेची किळस येते.

धपाट्यांच्या गाड्यामागेच सरांची पाटी दिसली. रिटायर होऊन त्यांनी कुटुंब सल्ला केंद्र काढलंय. खाली लिहिलंय, भेटण्याची वेळ: दुपारी जेवणानंतर.

कुणाच्या जेवणानंतर, हे लिहायची गरज त्यांना वाटलेली नाही.